बर्मा टीक आणि मलेशियन साल

परवा पलूसहून तात्यांचा फोन आला. नेहमीप्रमाणे आधी पाऊस, मग द्राक्षं, मग कुणाकुणाच्या तब्येती, आणि फोन ठेवता ठेवता मुद्दा. "काल माजघराची भिंत उतरवली. मोठी तुळई निघाली. भिंतीत दडलेल्या टोकाला कसलातरी शिक्का हाय बघ. तू असलं वाचत असतोस, येऊन बघून जा. शनिवारी गिऱ्हाईक येतंय."

गिऱ्हाईक म्हणजे जुन्या वाड्यांची लाकडं विकत घेणारे. आमच्या भागात गेली काही वर्षं ही मंडळी फिरतात. खांब, तुळया, दारं, अगदी देवळी आणि जात्याची खुंटीसुद्धा उचलतात आणि पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत नेऊन लावतात. मी शुक्रवारीच एसटी पकडली.

तुळई अंगणात आडवी पडली होती. नव्वद वर्षांचा धूर, काजळी आणि चुना यांनी काळी ठिक्कर. पण भिंतीत गाडलेलं हातभर टोक अगदी सोनेरी तपकिरी, जणू गेल्या महिन्यात चिरलेलं. आणि कापाच्या तोंडावर हातोड्याने ठोकलेली खूण. एक गोल, आत एक इंग्रजी अक्षर, आणि शेजारी अर्धं अक्षर, उरलेलं अर्धं कुणा सुताराच्या करवतीने कधीच नेलेलं. नखाने जरा खरवडलं तर तो ओळखीचा वास आला. जुन्या चामड्यासारखा, तेलकट. अण्णांच्या कपड्यांना यायचा तोच.

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. किर्लोस्करवाडीला कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये सुतार होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पंपाचा किंवा इंजिनाचा ओतीव भाग करायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. लाकूड दमट वाळूत फुगलं किंवा उन्हात वळलं तर लोखंडाचं मापही चुकतं. त्यामुळे पॅटर्नला सागवान लागतं, आणि अण्णांच्या मते सागवानातही बर्माचंच. १९४२ साली जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा आमच्याकडे लोकांना युद्ध आठवतं ते रॉकेलच्या टंचाईने. अण्णांना आठवायचं ते लाकडाने. "माल यायचा बंद झाला, मग मिळंल त्या लाकडात पॅटर्न केलं. सगळं वाकडं." एवढंच त्यांचं दुसरं महायुद्ध.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला जरा लाज वाटते. २००९ साली आम्ही अंगणाच्या पुढच्या बाजूला नवीन दोन खोल्या बांधल्या. दादांचा (माझे वडील) एकच हट्ट होता, पुढच्या दाराची चौकट बर्मा टीकची हवी. एका वखारीतून (कुठल्या ते राहू दे) बर्मा टीक म्हणून चौकट आली. बिलावरही तसंच लिहिलेलं. पॉलिश मारलेली, देखणी. सुताराने उंबऱ्याला खाच घ्यायला पटाशी लावली आणि थांबला. म्हणाला, "दादा, हे साग न्हाई. मलेशियन साल हाय. रंग दिलाय." दादा तिथेच पायरीवर बसले. पुढे वखारवाल्याशी भांडण झालं, थोडे पैसे परत आले, आणि चौकट तीच राहिली. दादा असेपर्यंत त्या दारातून जाताना तिच्याकडे बघायचे नाहीत. खोटं सांगत नाही, काकूंना विचारा.

तर एकाच घरात पुढे मलेशिया आणि मागे बर्मा. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, जिथे बाभूळ, लिंब आणि आंबा सोडून इमारती लाकूड पिकत नाही, तिथे दोन परक्या देशांची झाडं समोरासमोर उभी. या दोन देशांनी आपले ओंडके जगाला कसे विकले, हे तुळई बघून आल्यापासून डोक्यात घोळतंय. थोडं आधी वाचलेलं होतं, थोडं या दोन आठवड्यांत वाचलं.

सुरुवात बर्मापासून. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी जहाजं बांधायची ती मलबारच्या सागाची. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. अशी जहाजं बांधता बांधता मलबारचा मोठा साग संपत आला आणि इंग्रजांची नजर बंगालच्या उपसागरापलीकडे गेली. म्हणजे बर्मा टीक आपल्याकडे आलं ते चांगलं होतं म्हणून तर खरंच, पण आपलं कापून झालं होतं म्हणूनही.

१८५६ साली डिट्रिश ब्रांडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या सागाच्या जंगलांचा प्रमुख म्हणून रुजू झाला. हाच पुढे १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. तेव्हा आपल्या कुंडलच्या वन अकादमीतली पोरं जे शिकतात, त्याचं मूळ बरंचसं या माणसाच्या बर्मातल्या कामात आहे. मला त्याची एकच गोष्ट फार आवडते. जंगलात साग किती आहे हे मोजायला तो हत्तीवर बसून निघायचा. डाव्या हातात बांबूच्या चार काठ्या, उजव्या हातात चाकू. झाडांचे घेराप्रमाणे चार वर्ग केलेले. झाड दिसलं की त्या वर्गाच्या काठीवर एक खाच. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजायच्या. त्यातून हिशेब निघाला की अमुक घेराची झाडं किती, आणि ती कापली तर तेवढी नवी वाढायला किती वर्षं लागतील. पुढे यातूनच तीस वर्षांचा फेरा ठरला. चांगल्या ओलसर जंगलात साडेसात फूट घेराच्या आतलं झाड तोडायचं नाही, आणि एका तुकड्यात एकदा तोड झाली की तीस वर्षं तिथे पाय ठेवायचा नाही.

कापायची रीतही धीराची. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याला गोलाकार खोल खाच घालून त्याला उभ्या जागी मारायचं आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळू द्यायचं. मग तोडायचं, हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत आणायचं आणि पावसाळ्याची वाट बघायची. पूर आला की ओंडके आपोआप निघाले. नदीत त्यांचे तराफे बांधून रंगूनपर्यंत. झाडाला खाच घातल्यापासून ओंडका बंदरात येईपर्यंत चार-पाच वर्षं सहज जायची, आणि एवढ्या प्रवासात माल कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याची खूण. आमच्या तुळईवर आहे तशी.

हा सगळा व्यापार ज्यांच्या हातात होता त्यांतली सर्वात मोठी कंपनी मुंबईची. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, स्थापना १८६३, वॉलेस बंधूंची. आणि इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. उत्तर बर्मात तेव्हा थिबा राजाचं राज्य होतं. तिथल्या निंग्यानच्या जंगलांचा मक्ता या कंपनीकडे. लाकूड सित्तांग नदीने टौंगूला, म्हणजे ब्रिटिश हद्दीत उतरायचं. १८८५ साली राजाच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की ओंडके नेले ऐंशी हजारांच्या घरात आणि पैसे भरले तीस-बत्तीस हजारांचे. दंड सुमारे तेवीस लाख रुपये. कंपनी म्हणाली, कराराचा अर्थ तसा नाहीच. इंग्रज सरकारने मध्ये पडून निर्वाणीचा खलिता धाडला, नोव्हेंबरात फौज नदीतून निघाली आणि पंधरवड्यात मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला देश खालसा. फ्रेंच तिथे शिरकाव करतील ही भीती इंग्रजांना होतीच, त्यामुळे नुसत्या लाकडापायी राज्य गेलं असं म्हणणं भाबडं होईल. पण निमित्त लाकडाच्या मोजणीचं होतं हे खरं.

थिबाला आधी मद्रासला आणि मग १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणलं. तीस वर्षं तो तिथे राहिला. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, त्याला सागवान बर्माचं वापरलं. १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. शाळेची सहल गेली होती तेव्हा आम्ही त्या राजवाड्याच्या लाकडी गॅलरीत धावाधाव केली होती आणि गुरुजी ओरडले होते. ज्या लाकडाच्या हिशेबावरून सिंहासन गेलं, त्याच लाकडाच्या छताखाली त्या माणसाने शेवटची वर्षं काढली, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर थोडं हळू धावलो असतो. त्याच्या मुलीची मुलगी तर पुढे रत्नागिरीतच मराठी संसार करून राहिली.

त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षं बर्माचा साग म्हणजे ठरलेलं गणित. युद्धापूर्वी वर्षाला चार-साडेचार लाख टन. सर्वात मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. एक गंमत म्हणजे १ एप्रिल १९३७ पर्यंत बर्मा हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. आमच्या पणजोबांनी घर बांधलं १९३४ साली. म्हणजे त्यांच्या लेखी ती तुळई परदेशी नव्हतीच! मुंबईत रे रोडजवळ लकडी बंदर नावाची जागाच आहे. तिथल्या वखारीतून रेल्वेने माल निघाला, कुंडल रोड स्टेशनवर (म्हणजे आताचं किर्लोस्करवाडी) उतरला आणि तिथून बैलगाडीने घरी आला, असं अण्णा सांगायचे. तुळईला दोन गाड्या एकामागे एक जोडाव्या लागल्या आणि ओढ्यात मागची रुतली, हा प्रसंग त्यांनी आम्हाला निदान पन्नास वेळा ऐकवलेला आहे.

मलेशियाची गोष्ट फार अलीकडची आहे आणि वेगही वेगळा आहे. मलेशिया म्हणताना आपल्या वखारीत जे लाकूड येतं ते बहुतेक बोर्निओ बेटावरच्या सारावाक आणि साबा या राज्यांतलं. सारावाकवर तर १८४१ पासून १९४६ पर्यंत ब्रूक नावाच्या इंग्रज घराण्याचं राज्य होतं, गोऱ्या राजांचं. १९६३ साली ही दोन्ही राज्यं मलेशियात आली, पण जंगल आणि जमीन त्यांनी आपल्याच हातात ठेवली. ही बाब लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

तिथे साग नाही. तिथे आहेत मेरांती, कापूर, केरुइंग, बलाऊ असल्या नावांची उंचच उंच झाडं. आणि आता मला त्या वखारवाल्याची थोडी बाजू घ्यावी लागणार आहे. बलाऊ आणि मेरांती ही आपल्या मध्य भारतातल्या साल वृक्षाच्याच कुळातली. चुलतभावंडंच म्हणा ना. त्यामुळे 'मलेशियन साल' हे नाव अगदीच थाप नाही. कुणा व्यापाऱ्याला ते पाटीवर लिहिताना वनस्पतिशास्त्र ठाऊक असेल असं वाटत नाही, पण नेम बरोबर लागला. साग म्हणून विकली ती मात्र थापच.

ही झाडं दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षं गप्प बसतात आणि मग एका हंगामात मैलोन्‌मैल जंगल एकदम फुलतं, बी पडतं. म्हणजे बी पडायच्या आत मोठी झाडं नेली तर पुढची पिढी यायची कुठून? शिवाय बलाऊसारखी लाकडं इतकी जड की वाळवूनही तरंगायची नाहीत. बर्मासारखं पुरावर सोडून चालत नाही. सुरुवातीला दलदलीच्या जंगलात माणसंच ओंडके ओढायची, लाकडी रुळांवरच्या घसरगाडीने. त्या पद्धतीला 'कुडा-कुडा' म्हणायचे, मलय भाषेत कुडा म्हणजे घोडा. घोडा कुठला, माणूसच तो. मग साखळीचे ट्रॅक्टर आले, डोंगरात रस्ते निघाले, आणि राजांग नदीवर मोठमोठ्या बार्जेस ओंडके वाहू लागल्या. ट्रॅक्टरला पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही. झाडाला मारून तीन वर्षं उभं ठेवावं लागत नाही. सोमवारी पाडलं, पुढच्या आठवड्यात जहाजावर.

मुख्य गिऱ्हाईक होता जपान. त्यांना प्लायवूड हवं होतं, आणि त्यातलं पुष्कळसं काँक्रीट ओतायच्या फळ्यांना. दोन-चार वेळा वापरायचं आणि फेकायचं. १९८५ साली इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्याच वर्षी मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या राज्यांनीही केली. सगळा भार साबा-सारावाकवर आला. १९९० च्या सुमारास एकट्या सारावाकमधून वर्षाला एक कोटी ऐंशी लाख घनमीटरच्या वर ओंडके निघत होते. बर्माचे युद्धापूर्वीचे चार-साडेचार लाख टन म्हणजे, कुठला टन धरता त्यावर, सहा ते आठ लाख घनमीटर. वीस पटींहून जास्त, आणि तेही बर्माहून कितीतरी लहान मुलखातून.

हे कसं चाललं होतं ते १९८७ साली बाहेर आलं, आणि कसं बाहेर आलं म्हणता? काका-पुतण्याच्या भांडणातून! (महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे जास्त समजावून सांगायला नको.) आधीचे मुख्यमंत्री रहमान याकुब हे काका, तेव्हाचे मुख्यमंत्री ताइब महमूद हा पुतण्या. पुतण्याने काकांच्या गोटातले पंचवीस तोडीचे परवाने गोठवले. उत्तरादाखल काकांनी पुतण्याच्या गोटात कुणाकुणाला जंगल दिलंय ते जाहीर केलं. दोघांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून आल्या आणि लोकांना कळलं की राज्याचं जंगल दोन-चार गोतावळ्यांत वाटलेलं आहे. त्याच वर्षी बारामच्या खोऱ्यातल्या पेनान आदिवासींनी ट्रॅक्टरच्या वाटांवर बांबूचे अडसर बांधून ठाण मांडलं. बायका, म्हातारी माणसं, फुंकनळ्या घेतलेले शिकारी. अटका झाल्या. पुढे आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय इमारती लाकूड संघटनेने (हिचं ऑफिस योकोहामाला, जपानातच) एक पाहणी पथक पाठवलं. १९९० साली त्यांनी सांगितलं, तोड वर्षाला ९२ लाख घनमीटरवर आणा. म्हणजे जवळजवळ निम्मी.

इथपर्यंत वाचून तुमचं मत झालं असेल की बर्मा शहाणा आणि मलेशिया उधळ्या. माझंही झालं होतं. पण हिशेब इतका सोपा नाही.

१९४८ ला बर्मा स्वतंत्र झाला, सागाचा धंदा सरकारी झाला. ब्रांडिसचे नियम पुस्तकात तसेच राहिले. मग १९६२ पासून लष्करी राजवट. आणि १९८८ साली तीन शेजाऱ्यांपैकी पहिल्याने आपलं दार लावलं. थायलंडच्या दक्षिण भागात नोव्हेंबरात पूर आले, डोंगरावरून तोडलेले ओंडके गावांवर येऊन आदळले, शेकडो माणसं गेली. जानेवारी १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडच बंद केली. पण त्याच्या आधीच, डिसेंबरात, थाई लष्करप्रमुख रंगूनला जाऊन आले होते. पैशाला मोताद झालेल्या लष्करशहांनी सीमेवरची जंगलं थाई कंपन्यांना दिली. नंतर १९९६ साली भारतात १२ डिसेंबरचा सुप्रीम कोर्टाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला आणि मंजूर आराखड्याशिवाय जंगलात कुऱ्हाड चालवायला बंदी झाली. १९९८ साली यांगत्सेच्या महापुरानंतर चीनने आपल्या नैसर्गिक जंगलांची तोड थांबवली. तिन्ही निर्णय आपापल्या जागी उत्तम. पण थाई, भारतीय आणि चिनी माणसाने घरं बांधायचं थोडंच थांबवलं होतं? तिघांच्या मध्ये बर्मा.

आणि आता ती मोजणी. २०१४ साली एका ब्रिटिश पर्यावरण संस्थेने साधं काम केलं. म्यानमार सरकार म्हणतं २००० ते २०१३ या काळात इतके ओंडके निर्यात केले, आणि जगातले बाकीचे देश म्हणतात म्यानमारहून आमच्याकडे इतके आयात झाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले. निर्यात सुमारे ६५ लाख घनमीटर. आयात सुमारे २ कोटी २८ लाख. शंभरातले बहात्तर ओंडके बर्माच्या वहीतच नव्हते.

१८८५ चा दंड आठवला का? ऐंशी हजार नेले, तीस-बत्तीस हजारांचे भरले. प्रमाणही काही फार बदललेलं नाही. फक्त तेव्हा राजाच्या दरबाराने परक्या कंपनीला पकडलं होतं. या वेळी दरबारच सामील होता.

सारावाकचं उलट. तिथे परवाना होता, सही होती, रॉयल्टी होती. चोरी तिथेही झाली, पण मुख्य तोड वहीत नोंदवलेली होती. जंगल कायद्याने राज्याचं होतं, राज्य मुख्यमंत्र्याच्या हातात होतं, त्यामुळे चोरी करायची गरजच फारशी नव्हती. पंचवीस वर्षांचा फेरा तिथेही कागदावर होता. बर्मात नियम चांगले आणि वही खोटी. सारावाकमध्ये वही पुष्कळशी खरी, पण नियम ठरवणारा आणि परवाना वाटणारा एकच. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकाराची मला जास्त भीती वाटते, कारण त्यात पकडायला काही उरत नाही.

मोजणीवरून आठवलं. आपल्याकडे वखारीत ओंडका मोजतात तो घेराच्या चौथ्या हिश्शाने. सहा फूट घेर, वीस फूट लांबी, तर दीड गुणिले दीड गुणिले वीस, पंचेचाळीस घनफूट. खरा गोल धरून काढलात तर सत्तावन्नच्या वर येतात. ही इंग्रजांची जुनी रीत, चिरताना जाणारी भुकटी आणि कडेची साल आधीच वजा धरणारी. चोरी नव्हे, सगळ्यांना मान्य असलेली. अण्णा मात्र म्हणायचे, "जो माल मोजतच न्हाईत, त्याचं पैसं कोण खातंय?" मला तेव्हा हे म्हाताऱ्याचं कुरकुरणं वाटायचं.

१ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. सरकारी मालकीचे अडीच हजारांहून जास्त कामकरी हत्ती एकदम रिकामे झाले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, तरी चिरलेलं लाकूड भारतात येत राहिलं. साबाने २०१८ साली ओंडक्यांची निर्यात पुन्हा बंद केली. सारावाकचा माल घटत गेला, आणि त्या घटत्या मालाचं सर्वात मोठं गिऱ्हाईक जपान नव्हे, तर आपण झालो. आपल्याकडे ओंडक्यावर जकात कमी, चिरलेल्या लाकडावर जास्त. त्यामुळे कांडला बंदराशेजारी गांधीधामला आरा गिरण्यांचं शहरच वसलं. आता तिथे घाना, इक्वेडोर, पनामा, टांझानियाचा लागवडीचा साग उतरतो. वीस-पंचवीस वर्षांची झाडं, बोटभर गाभा आणि बाकी पांढरं. वखारीत तोही कधीकधी 'बर्मा' होतो.

या बाबतीत आपण आजचे नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सांगितलंय. आपल्या अरण्यातला साग परवानगी घेऊन लागेल तेवढा तोडावा, बाकी परमुलखातून विकत आणावा, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. रयतेची काळजी म्हणून हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ती आहेच. परमुलखातल्या रयतेच्या झाडांचं काय, हा प्रश्न तेव्हाच्या राजनीतीत येण्याचं कारण नव्हतं. आज तो माझ्या पुढच्या दारात उभा आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०१९ च्या महापुरात आत्याच्या भिलवडीच्या घरात कितीतरी दिवस पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. नवीन खोल्यांचे फ्लश डोअर हाताने ओढले तर भिजल्या पुठ्ठ्यासारखे सुटून आले. प्लायवूडचे थरच्या थर. मागच्या जुन्या खोलीचं सागाचं दार मात्र फुगून जाम झालं होतं, एवढंच. आठ-दहा दिवसांनी सुकलं आणि पुन्हा लागायला लागलं. दादा तेव्हा होते. त्यांनी त्या दारावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत, पण २००९ चं सगळं बोलून झालं. घरी परतल्यावर मी मुद्दाम आमची पुढची चौकट तपासली. पलूसला आमच्या आळीत पाणी आलं नव्हतं, पण दहा पावसाळे तिनेही खाल्ले होते. सरळ होती. एकही भेग नाही. बलाऊ कमअस्सल लाकूड नव्हेच, त्याला दुसऱ्याच्या नावाने विकलं हा त्याचा दोष नाही. हे दादांना सांगायचं राहून गेलं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. पोरगा हुशार होता. टेप काढली, तुळईचा घेर नव्हे तर चारही बाजू मोजल्या, मोबाईलवर गुणाकार केला. शिक्का असलेल्या टोकाकडे बघून म्हणाला, "हे एवढं कापून टाकावं लागंल, कडा फुटलीय." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. तात्यांना पैशाची गरज आहे, धाकटीचं लग्न आहे, आणि ती तुळई त्यांच्या वाटणीतली आहे. मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता.

तुळई गेली. हातभर टोक तेवढं तात्यांनी कापून माझ्यासाठी ठेवून घेतलं. एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरने विचारलं, "काय हो हे, लगेज लावू का?" मी वास घ्यायला दिला.

"साग हाय की," तो म्हणाला. "बर्मा?"